क्लचवरची बोटं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चोपन्न वर्षांत कधी डायरी लिहिली नाही, आणि आता लिहायला बसलोय ते क्लचपायी. कोणाला सांगितलं तर हसतील.

काल दसऱ्याला बाइक धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला. त्याची फेड तिने आज सकाळी सात वाजता केली. सोनापूरच्या सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून उभा होतो. समोरून एक आजीबाई नातवाला घेऊन रस्ता ओलांडत होत्या. आणि क्लच सुटला. मी सोडला नाही, सुटला! गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. चाक पोराच्या दप्तराला घासलं. दप्तरालाच, पोराला नाही, देवाची कृपा. आजीबाईंनी भर रस्त्यात माझी सालटी काढली, वर मागच्या पेटीवरचा लॅबचा नंबर टिपून घेतला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. ‘धुरी, चोवीस वर्षं झाली तुम्हाला, म्हणून ऐकून घेतो. आणखी एक तक्रार आली की गाडी बंद. काउंटरला बसायचं.’

काउंटरला! मी, विद्याधर धुरी! सकाळी साडेसहापासून मुलुंड-भांडुपमध्ये घरोघरी जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं आणि दहाच्या आत घाटकोपरच्या लॅबला पोचवायचं, हे काम मी चोवीस वर्षं करतोय. मला खुर्चीवर बसवून पावत्या फाडायला लावल्या तर महिन्याभरात मरेन मी. खरंच मरेन.

संध्याकाळी कृणालच्या गॅरेजला गेलो. त्याने केबल काढली, तेल सोडलं, लिव्हर किती ढिली आहे, तो प्ले बघितला, एक चक्कर मारून आला. म्हणतो, ‘काका, गाडीत काही नाही.’

‘नाही कसं? मग सुटला कसा?’

‘तुम्ही बोटं कुठे ठेवता?’

आता हे पोरगं मला शिकवणार. मी क्लच दाबायला लागलो तेव्हा हे दूध पीत होतं. पण तो काय ऐकतोय. म्हणाला, ‘रोज लिहून ठेवा. किती बोटं, कुठली बोटं, कधी सुटलं. मग कळेल, लिव्हर बदलायची की काय ते.’ म्हणून ही वही.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहायला बसल्यावर कळलं की आपण बोटं कुठे ठेवतो हे आपल्यालाच माहीत नसतं. आज मुद्दाम बघत गाडी चालवली. डावीकडे अंगठ्याशेजारचं आणि मधलं, ही दोन क्लचवर. उरलेली दोन मुठीवर. उजवीकडेही तसंच, दोन ब्रेकवर, दोन मुठीवर. मुंबईत दोन बोटं कायम लिव्हरवर लागतात, कारण रिक्षा कधी कुठे वळेल ते त्या रिक्षावाल्यालाही ठाऊक नसतं.

लायसन काढताना शिकवणारे सांगायचे, क्लच चार बोटांनी दाबायचा, पूर्ण आत घ्यायचा. आज चार बोटांनी चालवली. सुटला नाही. पण मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे एलबीएस रोडवर एकच लेन, मुलुंड ते कांजूर हाफ क्लचवर रांगत आलो. चारही बोटं क्लचवर असली की मूठ धरायला उरतो फक्त अंगठा. खड्डा आला की हँडल आपलं राहत नाही. लॅबला पोचलो तेव्हा हात बधिर. इतका हाफ क्लच मारल्यावर कोणाचाही होईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऊन काय पडलंय! ऑक्टोबर म्हणजे छळ आहे नुसता. दोन बाटल्या दहाच्या आत संपतात, तिसरी लॅबमध्ये भरतो. सुगंधा, म्हणजे आमच्या सौ., सकाळी म्हणाली, ‘पाणी पितास की टाकी भरतास?’ आणि एवढं प्यायलं की जावं लागतं. आज तीन घरांत बाथरूम विचारलं. लोक ‘हो हो, जा ना’ म्हणतात, पण कसंतरीच वाटतं. रक्त घ्यायला आलेला माणूस आणि हे काय.

नीलमनगरला शर्मिष्ठाबाईंकडे गेलो. निवृत्त शिक्षिका, वय एक्याऐंशी, बारा वर्षं दर तीन महिन्यांनी त्यांचं रक्त मीच घेतो. शिरा अवघड. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, डाव्या हाताच्या बोटाने चाचपून शोधाव्या लागतात. आज दोनदा टोचलं तरी मिळाली नाही. तिसऱ्यांदा दुसऱ्या हातातून घेतलं.

त्या म्हणाल्या, ‘विद्याधर, आज लक्ष कुठे आहे तुझं?’

‘ग्लोव्हज बदललेत बाई, जाड आहेत.’

ग्लोव्हज खरंच जाड आहेत. लॅबने स्वस्तातले आणले असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

कृणाल झिंदाबाद! चूक सापडली. माझी लिव्हर वर चढलेली होती. बोटं वर उचलून दाबायची म्हणजे मनगट मोडतं, आणि मनगट मोडलं की बोटांत जोर येत नाही. त्याने पाना लावून लिव्हर खाली फिरवली, हात सरळ रेषेत येईल अशी. प्लेही कमी केला. दोन बोटांनी लोण्यात सुरी फिरल्यासारखा क्लच दबला.

मी त्याला चहा पाजला. येताना सुगंधासाठी खरवस घेतला, अर्धा मीच वाटेत खाल्ला. एवढ्याशा पान्याच्या कामासाठी मी आठ दिवस झोपलो नव्हतो!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सुटला. भांडुप स्टेशनबाहेर. पुढे कोणी नव्हतं. दोन बोटं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहायची इच्छाच नव्हती. आज कृणालकडे गेलो आणि त्याच्यावर ओरडलो. नवीन केबल टाकायला लावली. तो म्हणाला, ‘काका, जुनी चांगली आहे.’ म्हटलं, तू टाक. त्याने टाकली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, ‘काका, हात दाखवा.’ म्हटलं, ‘तू हाताचा डॉक्टर की गाडीचा?’ हत्यारं आवरायला लागला. नंतर वाईट वाटलं मला. पोरगं चांगलं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. मुंग्या येतात त्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत. करंगळी एकदम ठणठणीत. म्हणजे मी ज्या बोटांनी क्लच दाबतो तीच थकलीत. साधं गणित आहे. चोवीस वर्षं त्याच दोघांना राबवलं, करंगळी बसून खातेय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवीन पद्धत काढली. उलटी. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुठीवर, करंगळी आणि तिच्याशेजारचं क्लचवर. लोक म्हणतील वेडा झालाय. पण विचार करा, दारही कडीच्या बाजूने ढकललं की सहज उघडतं, बिजागरीपाशी ढकललं तर जोर लागतो. लिव्हरचं तसंच. टोकाला दाबलं की कमी जोर लागतो, आणि टोकाला करंगळीच येते. मग दुनिया दोन बोटं आतल्या बाजूला का ठेवते? कारण कोणी विचारच करत नाही!

कृणालला करून दाखवलं. तो म्हणाला, ‘काका, असं कोण चालवतं? मुठीवरच्या बोटांना लिव्हर अडणार, क्लच पूर्ण दबणार नाही.’

म्हटलं, मी चालवतो. आज सोळा घरं केली, एकदाही सुटला नाही. साहेबाला दाखवून देतो आता, धुरी काय चीज आहे ते.

१९ ऑक्टोबर, रविवार

संध्याकाळी सुगंधाबरोबर दिवाळीच्या बाजारात. पणत्या, उटणं, रांगोळी. एका दुकानापाशी ती थांबली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली. डाव्या पायात चप्पल नव्हती. मागे कुठेतरी राहिली. परत गेलो तर वीसेक पावलं मागे रस्त्यात पडलेली, लोक तिला ओलांडून जात होते.

‘तुमका कळाक नाय?’

म्हटलं, एवढ्या गर्दीत काय कळतंय. ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

घरी आल्यावर तिने माझा हात धरला. ‘ह्या बोट काळा कशान झाला?’ मधलं बोट, नखाच्या मागे, रक्त साकळून काळंनिळं. लिव्हर आणि मुठीच्या मध्ये चेंगरलं असणार, उलट्या पद्धतीची अजून सवय नाही. ‘आणि तुमका दुखाक नाय?’ म्हटलं, नाही गं. खरंच दुखलं नव्हतं. आमच्या घरात सगळ्यांचंच अंग दणकट. बाबांना गिरणीत एकदा पायात खिळा घुसला होता, संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता त्यांना.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. सकाळी फक्त चार घरं, प्रत्येक घरात फराळ. नाही म्हणता येत नाही आणि मी म्हणतही नाही. दोन करंज्या, तीन लाडू, एका ठिकाणी अनारसे. एवढं खाऊनही पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. सुगंधाने ओवाळलं तेव्हा म्हणाली, ‘बारीक झालास हां तुमी.’ म्हटलं, या वयात बारीक होणाऱ्याचा सत्कार करायला पाहिजे.

तिला हसवायला म्हटलं, तर तिने डोळ्यांना पदर लावला. सणाच्या दिवशी! म्हणाली, बाबा पण असेच बारीक झाले होते. त्यांचा पाय कापायच्या आधी.

मी चिडलो. बाबांचं वेगळं होतं. बारा-बारा तास गिरणीत उभं राहून पायाची वाट लागली त्यांच्या, मग जखम चिघळली. शुगर वगैरे नंतर डॉक्टरांनी लावलेलं लेबल. ओवाळणी ताटात टाकली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सगळीकडे फटाके, आणि माझ्या डोक्यात बाबांची ती एका पायाची चप्पल. दुसरी आम्ही टाकली नव्हती, कित्येक महिने दाराशी तशीच होती.

नको तो विषय.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी संपली की आमचा सीझन. लोक आठ दिवस खातात आणि नवव्या दिवशी शुगर तपासायला बोलावतात. आज एकोणीस घरं.

मुलुंड चेकनाक्याच्या सिग्नलला उलट्या पद्धतीने क्लच दाबून उभा होतो. पूर्ण दाबला होता. माझ्या मते. पण गाडी हळूहळू पुढे सरकत होती आणि मला वाटलं समोरची रिक्षा मागे येतेय. म्हणून तिच्यावर ओरडलो. ओरडता ओरडता मीच तिला धडकलो. ब्रेक दाबला तेवढ्यात, पण उशीर झाला. गाडी कलली, पेटी रस्त्यावर, दोन ट्यूब फुटल्या. दोन्ही शर्मिष्ठाबाईंच्या, त्यांच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर परत तपासायला सांगितलं होतं. रस्त्यावर काचा, काचांवर रक्त आणि मध्ये मी. बघणारे लोक म्हणत होते, ‘काकांना लागलंय, काकांना लागलंय.’ मला काही लागलं नव्हतं. रिक्षावाला भला माणूस, मला पाणी पाजून गेला.

परत नीलमनगर. बाईंना खरं सांगितलं. म्हटलं, बाई, तुम्ही तक्रार केलीत तर माझी गाडी जाईल. हात जोडले. चोवीस वर्षांत कोणापुढे जोडले नव्हते.

त्यांनी बाही वर केली. शीर याही वेळी बोटाला लागत नव्हती. त्याच म्हणाल्या, ‘थांब, इथे आहे बघ,’ आणि स्वतःच्या बोटाने दाखवली. घेऊन झाल्यावर कापूस दाबत म्हणाल्या, ‘बारा वर्षं तू माझं रक्त घेतोयस. तुझं कोण घेतं?’

‘मी घेणारा, बाई. देणारा नाही.’

हे मी नेहमी म्हणतो, लोक हसतात. त्या हसल्या नाहीत. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघतात तशा बघत राहिल्या.

लॅबमध्ये रुचिका भेटली. आमच्याकडची नवीन टेक्निशियन, मशीनवर असते. तिने खरचटलेलं कोपर बघितलं. म्हणाली, ‘काका, स्टाफचं चेकअप फुकट असतं दर वर्षी. तुमचं एकही सापडत नाही मला.’ म्हटलं, ‘तू माझी फाइल बघायला लागलीस? तुझं मशीन बघ.’ तिचं तोंड एवढंसं झालं. या महिन्यात मी सगळ्या चांगल्या माणसांवर ओरडतोय.

२६ ऑक्टोबर, रविवार

साहेबांना कळलेलं नाही. अजून.

दिवसभर घरात येरझारा घातल्या. सुगंधा दोनदा म्हणाली, बसा जरा. बसलो की पायांत मुंग्या येतात, उठलो की जावं लागतं, गेलो की तहान लागते. टीव्ही लावला, बंद केला. खाली जाऊन उभ्या गाडीवर बसलो आणि क्लच दाबत राहिलो. दोन बोटं, तीन, चार, उलटी दोन. शेजारचा विपुल खिडकीतून विचारतो, ‘काका, गाडी बंद आहे का?’ म्हटलं, ‘नाही रे, सराव करतोय.’ कसला सराव करतोय मी?

डोळे मिटून दाबून बघितलं. मिटल्यावर मला सांगता येईना की बोटं लिव्हरवर आहेत की मुठीवर.

मी चोवीस वर्षांत किती जणांना विचारलंय, मुंग्या येतात का, तहान लागते का, वजन उतरलं का. फॉर्मवरच छापलंय ते. मला सगळे प्रश्न पाठ आहेत. भीती वाटतेय. लिहून टाकलं, बस.

२८ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी पावणेसहा

सुगंधा दूध आणायला गेली तेवढ्यात स्वतःचं रक्त घेतलं. दंडाला बांधायचा पट्टा दातांनी ओढला, उजव्या हाताने सुई मारली. पहिल्याच फटक्यात शीर. म्हणजे हात अजून चालतो. ट्यूबवर माझं नाव टाकलं तर अख्ख्या लॅबला कळणार, साहेबांनाही. म्हणून बाबांचं नाव लिहिलं. राजाराम धुरी, वय ५४, उपाशीपोटी. फोन नंबर माझाच टाकला, दुसरा कुणाचा टाकणार?

क्लचचा आणि याचा काही संबंध नाही. शर्मिष्ठाबाईंच्या आणि रुचिकाच्या डोक्यातलं एकदा निघून जाईल, एवढंच. बाकीच्या ट्यूबांबरोबर पेटीत ठेवतोय. निघतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हे घाटकोपरच्या हॉस्पिटलमधून लिहितोय. उजव्या हातात सलाइन आहे, म्हणून अक्षर असं. वही सुगंधाने आणून दिली, मी मागितली होती. तिने वाचली की नाही विचारलं नाही. वाचली असणार, डोळे सुजलेत तिचे.

डॉक्टर म्हणतात, शुगर खूप वर्षं असावी. हाताची नस मनगटात दाबली गेलीय, पायांच्या नसाही गेल्यात थोड्या. हाताचं छोटं ऑपरेशन करता येईल, सुधारेल. पायांचं सांगता येत नाही, पण वेळेत आलात. ‘वेळेत’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. गाडीबद्दल विचारायचं धाडस मला झालं नाही. ते सुगंधाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘सध्या विसरा.’

काल दुपारी बाराला घरी आलो होतो. बूट काढतोय तोच रुचिकाचा फोन.

‘काका, राजाराम धुरी म्हणून सॅम्पल आहे तुमच्या पेटीत. शुगर चारशे ब्याऐंशी आलीय. परत लावली, तेवढीच. डॉक्टर मॅडम म्हणतात पेशंटला ताबडतोब कळवा. नंबरच्या जागी तुमचाच नंबर आहे.’

‘हो. मी कळवतो.’

‘प्रत्यक्ष जाऊन सांगा काका. आणि मला रजिस्टरला लिहायचंय. किती वाजता कळवलं, सोबत कोण आहे, पेशंट काय म्हणाला.’

असे निरोप मी किती घरी दिलेत! माझी वाक्यं ठरलेली आहेत. घाबरायचं नाही. आत्ता दवाखान्यात जायचं. एकट्याने जायचं नाही. गाडी चालवायची नाही. हळू बोलायचं, पण थांबायचं नाही, थांबलं की समोरचा कोसळतो.

सुगंधा जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, ‘राजाराम धुरींची शुगर चारशे ब्याऐंशी आलीय.’

‘बाबांका जावन अकरा वर्सा झाली,’ ती म्हणाली. ‘खूळ लागला काय तुमका?’ आणि मग वर बघितलं. तिला कळलं ते मला दिसलं. सूप तसंच मांडीवर.

मी माझी वाक्यं म्हणायला लागलो. घाबरायचं नाही. आत्ता दवाखान्यात जायचं. एकट्याने जायचं नाही. चौथं वाक्य म्हणताना आवाज फुटला आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. तिने रडू दिलं. मग खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, ‘चला.’ एवढंच.

रिक्षात बसलो. विक्रोळीपाशी परत रुचिकाचा फोन.

‘कळवलं का काका?’

‘कळवलं. बारा पंचवीस.’

‘सोबत कोण आहे पेशंटच्या?’

‘बायको.’

‘पेशंट काय म्हणाला?’

मी बाहेर बघितलं. मेट्रोचे पत्रे, पत्र्यांना घासून जाणारे बाइकवाले, सगळ्यांची दोन-दोन बोटं क्लचवर.

‘म्हणाला, क्लच खराब आहे.’

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. रुचिका हळूच म्हणाली, ‘काका, फोन काकूंकडे द्या.’

द्यायला म्हणून सुगंधाकडे वळलो आणि सहज खाली बघितलं. माझा डावा हात तिच्या मांडीवर होता आणि तिने तिच्या दोन्ही हातांत तो घट्ट, पांढरा पडेल इतका दाबून धरला होता. कधीपासून, कोण जाणे. मला कळलंच नव्हतं. मग हॉस्पिटल येईपर्यंत मी त्या हातावरून नजर काढली नाही.